बीअर आंबते, बाटल्या फसफसतात: ब्लीच बदलण्याआधी तोटी उघडा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सॅन अँटोनियोत गॅरेजमध्ये घरच्या बीअरच्या 5 गॅलनच्या बॅच करता. पहिली सेझाँ, म्हणजे बेल्जियन धाटणीची कोरडी बीअर, छान झाली. त्यानंतरच्या पेल एलच्या (फिकट रंगाची बीअर) दोन बॅच बाटल्यांत भरून तीनेक आठवडे झाल्यावर झाकण काढताच फसफसून बाहेर येऊ लागल्या. चवीला पातळ, कोरड्या, घोट संपताना किंचित आंबट. भांडी तुम्ही डिशसोपने घासता, मग ब्लीचचं पाणी, मग नळाचं पाणी. आता विचारताय की ब्लीच सोडून स्टार सॅन (आम्लाचं जंतुनाशक) घ्यावं का, आणि पीबीडब्ल्यूच्या (भांडी धुण्याची अल्कली पावडर) डब्याला एवढे पैसे का मोजावेत.

स्टार सॅन जरूर घ्या. मात्र तेवढ्याने हा त्रास जाईल असं धरून चालू नका. तुम्ही लिहिलेलं सगळं वाचून माझा पहिला संशय बॉटलिंग बकेटच्या, म्हणजे बाटल्या भरायच्या बादलीच्या, तोटीवर आहे. दोन्ही बिघडलेल्या बॅच त्याच तोटीतून गेल्या आणि धुण्याच्या वर्णनात तिचा उल्लेखच नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. फसफसणारी प्रत्येक बाटली बिघडलेलीच असते असं नाही. बाटलीत गॅस धरावा म्हणून घालतात ती साखर जास्त पडली किंवा आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बीअर भरली तरी हेच होतं. एक बाटली उघडून दोन ग्लासांत पुन्हा पुन्हा ओतून गॅस पूर्ण घालवा आणि हायड्रोमीटर (बीअरची घनता मोजणारी नळी, साखर संपते तसा आकडा उतरतो) लावा. भरताना 1.012 वर स्थिर होतं आणि आता 1.004 दाखवतंय, तर तुमच्या यीस्टला जी साखर खाता येत नव्हती ती दुसऱ्या कुणीतरी खाल्ली. आकडा जवळपास तोच असेल, तर साखरेचं माप तपासा. आकडा वर-खाली नाही, साखरेचंही माप बरोबर, पण चव मात्र आंबट, असं निघालं तरी खालचं सगळं तुम्हाला लागू आहे.

तुमच्या बाबतीत दोन उपद्रवी एकत्र असू शकतात. आंबटपणा बहुधा लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस या आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा. पातळ, कोरडी चव आणि वाढलेला गॅस मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. सेझाँसाठी विकले जाणारे बरेच यीस्ट डायास्टॅटिकस प्रकारचे असतात. त्यांच्यात एसटीए1 नावाचं जनुक असतं, त्याच्या जोरावर ते डेक्स्ट्रिन, म्हणजे माल्टमधल्या लांब साखळीच्या साखरा, फोडून खातात. साध्या एल यीस्टला ते जमत नाही. तुमची पहिली बॅच सेझाँ होती, चांगली झाली, आणि तिचे चार थेंब तोटीत राहून पुढच्या दोन पेल एलमध्ये उतरले, हे अगदी शक्य आहे. म्हणजे पहिल्या बॅचचा यशस्वी यीस्टच पुढच्यांचा जंतुसंसर्ग झाला.

तोटी आता काढा. बकेटवरून सोडवली की ती एकसंध वाटते, पण ती दोन नळ्यांची असते, बाहेरची स्थिर आणि आतली फिरणारी. पाचेक मिनिटं गरम पाण्यात ठेवली की प्लॅस्टिक सैल पडतं आणि खालून लाकडी चमच्याच्या दांड्याने ढकलली की आतली नळी बाहेर येते. दोन्हींच्या मधल्या फटीत काय आहे ते बोट फिरवून बघा. बुळबुळीत पिवळट थर लागला, तर शोध संपला. वॉशरच्या मागेही बघा. अशा थरात जंतू स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात, आणि वरून कितीही ब्लीच गेलं तरी आतल्यांना ते पोचत नाही. नवी तोटी चार-पाच डॉलरला मिळते. इतकी स्वस्त वस्तू घासत बसण्यापेक्षा या वेळी नवीच घ्या, आणि पुढे दर वेळी उघडून धुवा.

हीच गत बॉटलिंग वॉन्डच्या (बाटली भरायची नळी) टोकाची, ऑटो-सायफनच्या (बीअर उपसायची नळी) रबरी सीलची, एअरलॉकच्या (गॅस बाहेर सोडणारी झडप) रबरी ग्रॉमेटची आणि केटलच्या, म्हणजे उकळायच्या पातेल्याच्या, बॉल व्हॉल्व्हची. वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळत असताना बॉल व्हॉल्व्हच्या मागे अडकलेलं थोडंसं तितकं तापतंच असं नाही, आणि थंड झालेलं वर्ट नेमकं तिथूनच जातं. थ्री-पीस व्हॉल्व्ह असेल तर पान्याने उघडून आतला गोळा आणि पांढऱ्या सील धुता येतात. टू-पीस सहजासहजी उघडता येत नाही. पुढचा घेताना थ्री-पीस घ्या.

आता रसायनांकडे येऊ. धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींची रसायनं वेगळी. स्टार सॅन, आयोडोफोर (आयोडीनचं जंतुनाशक), ब्लीच ही स्वच्छ पृष्ठभागावरचे उरलेसुरले जीव मारण्यासाठी. प्रथिनांचा, हॉप्सच्या राळेचा किंवा यीस्टच्या साक्याचा थर असेल तर ती त्या थरावरच खर्ची पडतात. ब्लीचचं तर हे फार लवकर होतं. म्हणून पैशांची विभागणी करायची तर धुण्याच्या रसायनावर जास्त आणि निर्जंतुक करणाऱ्यावर कमी. स्टार सॅनची बाटली तशीही वर्षभर पुरते.

हेंकेल कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी 1959 मध्ये धुलाईचे चार घटक मांडले: रसायन, उष्णता, वेळ आणि घासण्याचा जोर. एक कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. ब्रुअरीत टाक्यांच्या आत उतरून कुणी घासत नाही, फवाऱ्याने गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात. आपल्याकडे कॉस्टिक नको, पंप नाही, प्लॅस्टिकवर जोर चालत नाही. उरतात वेळ आणि उष्णता. घरच्या ब्रुअरने या दोनांवरच भिस्त ठेवावी. करपलेलं दुधाचं पातेलं आई लगेच न घासता पाणी घालून रात्रभर ठेवायची, तीच समज इथे चालते.

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बीअर आंबवायच्या भांड्यात, वरच्या बाजूला जी तपकिरी कड बसते ती प्रथिनं, यीस्ट आणि हॉप्सच्या राळेची. तिच्यावर सोडियम परकार्बोनेटसारखं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही. पाण्यात गेलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा थर सैल करतो, पेरॉक्साइड तो ऑक्सिडाइझ करतो आणि बुडबुड्यांनी उचलतो. ऑक्सिक्लीनचा बिनवासाचा, बिनरंगाचा, फ्री लिहिलेला डबा म्हणजे बहुतांशी हेच. लिटरला 4-5 ग्रॅम, पाणी 50 ते 60 अंश सेल्सियस, तासभर ते रात्रभर. थंड पाण्यात ते फार हळू चालतं. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नका. काही तासांत पेरॉक्साइड उडून जातो आणि हातात नुसतं सोड्याचं पाणी उरतं.

मग पीबीडब्ल्यूला जास्त पैसे का? त्यात परकार्बोनेटबरोबर सोडियम मेटासिलिकेट, पाण्यातला कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक आणि ओलावा पसरवणारे घटक असतात. तुमच्या गावी याचा फरक चांगलाच पडतो. सॅन अँटोनियोचं बरंचसं पाणी एडवर्ड्स जलस्तराच्या चुनखडीतून येतं आणि ते चांगलंच जड आहे. अशा पाण्यात नुसतं परकार्बोनेट टाकून रात्रभर ठेवलं की सकाळी बकेटच्या आत पांढरी पावडर धरते. ती घाण नव्हे, पाण्यातलाच कॅल्शियम कार्बोनेट सोड्यामुळे खाली बसलेला असतो. पण तिच्या खरखरीत थरात पुढच्या वेळची घाण रुतते. सिएटलच्या मऊ पाण्यावर कुणी म्हणत असेल की ऑक्सिक्लीनने माझं उत्तम चालतं, तर तो खोटं बोलत नाही, त्याचं पाणी वेगळं आहे.

पीबीडब्ल्यूचं प्रमाण लिटरला 7 ते 15 ग्रॅम. रोजच्या बकेटला खालचं टोक पुरतं, करपलेल्या केटलला वरचं. पैसे वाचवायचे असतील तर जुना घरगुती तोडगा आहे: वजनाने 70 टक्के ऑक्सिक्लीन फ्री आणि 30 टक्के सोडियम मेटासिलिकेट. हे मेटासिलिकेट हार्डवेअरच्या दुकानात टीएसपी/90 नावाने मिळतं. नावात टीएसपी असलं तरी तो ट्रायसोडियम फॉस्फेट नव्हे, डब्यावरचे घटक वाचून घ्या. दोन्ही पावडरी एकत्र करून साठवू नका, वापरताना पाण्यातच मिसळा. कॅल्शियम बांधणारे घटक या मिश्रणात नसल्यामुळे तुमच्या पाण्यावर शेवटी आम्लाचा एक हात लागेलच. लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून फिरवलं की पांढरा थर सुटतो. कोणत्या पावडरीने धुतलंय त्याचा विचार न करता मी जड पाण्यावर ही पायरी सगळ्यांना सांगतो.

हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मेटासिलिकेट चांगलंच तिखट अल्कली आहे. आणि परकार्बोनेट घातलेलं पाणी झाकण घट्ट लावून कधीही ठेवू नका, ना बाटलीत ना केगमध्ये (बीअर साठवायचं स्टीलचं पिंप). प्राणवायू सुटत राहतो, दाब चढतो. केग धूत असाल तर मधूनमधून प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह ओढा.

डिशसोपबद्दल. चिकट साखर आणि तेलकटपणा काढायला तो ठीक, पण एचडीपीई प्लॅस्टिकच्या बकेटमध्ये सुगंधी साबणाचा वास मुरतो आणि त्याचा अंश उरला तर बीअरचा फेस बसतो. डिशवॉशरमधल्या रिन्स एडचंही तेच.

पृष्ठभागानुसार थोडं वेगळं वागावं लागतं. प्लॅस्टिक बकेटला मऊ स्पंज, तोही हलक्या हाताने. स्कॉच-ब्राइटच्या हिरव्या बाजूने पडणारा ओरखडा तुम्हाला दिसणार नाही, पण जिवाणूला तो खोल दरीएवढा असतो. तुमची सध्याची बकेट उजेडात तिरकी धरून बघा. आत रेघा दिसत असतील तर तिला धान्य ठेवायला काढा आणि नवी आणा. पीईटी प्लॅस्टिकच्या पारदर्शक कार्बॉयमध्ये (अरुंद तोंडाचा मोठा बुधला) 50 अंशांपेक्षा गरम पाणी घालू नका, ती आकार सोडते. काचेच्या कार्बॉयमध्ये एकदम गरम पाणी ओतलं तर ती तडकते. तिला कोमट द्रावण आणि रात्रभर वेळ द्या. ओली, साबणाने निसरडी झालेली काचेची कार्बॉय उचलताना हातातून सुटून लोकांना वाईट जखमा झालेल्या आहेत. माझं स्पष्ट मत विचाराल तर काच घेऊच नका. आहेच, तर उचलायचा पट्टा लावा.

स्टेनलेस स्टीलचं संरक्षण त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थराने होतं. ब्लीचमधला क्लोराइड तो थर फोडतो आणि बारीक खड्डे पाडतो. म्हणून स्टीलच्या केटलला, केगला ब्लीच लावायचंच नाही. तारेची घासणीही नको. तिचे तुकडे रुततात आणि तिथून गंज धरतो. तळाला करपलं असेल किंवा पांढरट-तपकिरी बीअरस्टोन धरला असेल, तर आधी पीबीडब्ल्यू आणि मग आम्ल. बीअरस्टोन म्हणजे मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेट, त्यात प्रथिनं अडकलेली. नुसत्या अल्कलीला तो दाद देत नाही. केटलच्या डागांवर बार कीपर्स फ्रेंडची पावडर उत्तम, तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं. ओलसर फडक्यावर घेऊन फिरवा, मिनिटभरात भरपूर पाण्याने धुवून टाका.

ॲल्युमिनियमच्या केटलवरचा राखाडी थर घासून चकचकीत करायचा मोह आवरा. तो थर हवाय. परकार्बोनेटमध्ये ॲल्युमिनियम काळवंडतं आणि कॉस्टिकमध्ये चक्क विरघळतं, शिवाय हायड्रोजन सुटतो. कोमट पाणी, थोडा बिनवासाचा साबण, मऊ स्पंज, इतकंच. वर्ट गार करणाऱ्या तांब्याच्या चिलरला वापरून झाल्याबरोबर पाण्याने धुवून वाळवा. हिरवा कळंक चढला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा. पितळेचे सांधे पहिल्यांदा वापरण्याआधी दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग 3 टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड यांत पाच-दहा मिनिटं ठेवतात. पृष्ठभागावरचं शिसं निघून पितळ लोण्यासारखं पिवळं दिसतं. द्रावण हिरवं होऊ लागलं की तांबं विरघळायला लागलं असं समजून लगेच बाहेर काढा.

नळ्यांवर मी वेळ घालवत नाही. सिलिकॉनची नळी उकळता येते. व्हिनाइलची आतून धुरकट झाली की फेकायची. दोन-तीन डॉलरच्या नळीसाठी बॅच पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, ब्लीच की स्टार सॅन. ब्लीच जंतू मारतं, स्वस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते धुवून काढावं लागतं, आणि ज्या नळाच्या पाण्याने तुम्ही धुता ते निर्जंतुक नसतं. नीट धुतलं नाही तर क्लोरीन बीअरमधल्या फिनॉलना चिकटून क्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांची चव बँड-एडसारखी आणि अब्जाला काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही जिभेला कळते. दोन्ही बाजूंनी अडचण.

स्टार सॅनमध्ये फॉस्फोरिक ॲसिड आणि डोडेसिलबेंझिन सल्फोनिक ॲसिड असतं. 5 गॅलनला 1 औंस, म्हणजे लिटरला साधारण 1.6 मिली. पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे, मग ओतून द्या आणि पाण्याने धुऊ नका. फेस राहिला तर राहू द्या, त्याने बीअरचं काही बिघडत नाही. जास्त घातलं की जास्त चांगलं असा हिशेब मात्र करू नका, कारण न धुण्याची मुभा त्या मापापुरतीच आहे. दर वेळी 5 गॅलन बनवायचीही गरज नाही. लिटरभर फवाऱ्याच्या बाटलीत करून ठेवा, बहुतेक कामं त्यातच होतात.

तुमच्या नळाच्या पाण्यात ते लगेच गढूळ होईल. गढूळपणापेक्षा पीएच महत्त्वाचा. पट्टी लावून बघा, 3 च्या खाली असेल तर वापरा, वर गेला की ओता. डिस्टिल्ड पाण्यात बनवलेलं आठवडेच्या आठवडे टिकतं. गॅलनभर डिस्टिल्ड पाण्याला जो दीड-दोन डॉलर लागतो तो तुमच्या गावी वसूल होतो. ब्लीचची बाटली गॅरेजमधून हलवा. स्टार सॅन आम्ल आहे, ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गॅरेजमध्ये ते जीवावर बेतू शकतं.

आयोडोफोर मी जोडीला ठेवतो. 19 लिटरला 15 मिली, म्हणजे 12.5 पीपीएम, दोन मिनिटं. त्याचा फायदा असा की रंग आहे तोवर ताकद आहे. तोटा असा की प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि घरच्यांचे टॉवेलही.

बाटल्यांचं काम बीअर पिताना करायचं. ग्लासात ओतल्याबरोबर बाटली तीनदा पाण्याने खळखळवून उलटी ठेवली की तळाशी यीस्टची पुडी वाळत नाही. वाळली असेल तर परकार्बोनेटमध्ये रात्रभर, लेबलंही त्यातच सुटतात. डिशवॉशरच्या फवाऱ्याचं पाणी अरुंद गळ्यातून आत नीट पोचत नाही, त्यामुळे आतून धुण्यासाठी त्याचा भरवसा नाही. धुतलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फॉइल लावून ओव्हनमध्ये 170 अंश सेल्सियसला तासभर ठेवल्या तर त्या खरोखर निर्जंतुक होतात आणि फॉइल असेपर्यंत तशाच राहतात. थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवा आणि ओव्हनमध्येच निवू द्या.

केगकडे कधी वळलात तर लक्षात ठेवा की पॉपेट (झडप), डिप ट्यूब (आतली नळी) आणि पाचही ओ-रिंग (रबरी कड्या) काढून धुवायच्या असतात. बीअर लाइनसाठी, म्हणजे केगपासून नळापर्यंतच्या नळीसाठी, अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस दर 14 दिवसांनी धुण्याची आहे. ती बारसाठी आहे. घरी मी प्रत्येक केग संपला की धुतो आणि ते पुरतं.

रसायनांच्या यादीत न बसणारी एक गोष्ट. माल्ट दळण्याची गिरणी त्याच गॅरेजमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. माल्टच्या दाण्यावर लॅक्टोबॅसिलस मुळातच असतात. केटल सावर ही आंबट बीअर करणारे तर मुद्दाम मूठभर कच्चा माल्ट टाकून वर्ट आंबवतात. ते पीठ हवेत उडतं आणि उघड्या बकेटवर बसतं. दळण बाहेर ड्राइव्हवेवर करा, किंवा आदल्या दिवशी उरका. घरातल्या विरजणाची मात्र फार धास्ती नको. दह्यातले जिवाणू हॉप्सच्या कडवटपणापुढे सहसा टिकत नाहीत.

कुणी हे महाराष्ट्रात बसून वाचत असेल तर एवढं लक्षात असू द्या की अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी स्वतःपुरती बीअर करायला मुभा मिळाली. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.

तुमच्या कपाटात उरलेल्या बाटल्यांचं आधी बघा. टेक्सासच्या गॅरेजच्या उन्हाळ्यात त्या तशाच राहिल्या तर दाब वाढत जाईल आणि काच फुटेल. चष्मा, जाड मोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट घाला, बाटल्या एकेक करून झाकण असलेल्या खोक्यात ठेवा आणि खोकं फ्रिजमध्ये सरकवा. दोन दिवस गार झाल्यावर सिंकमध्ये, वर टॉवेल धरून झाकण थोडं उचलायचं, सुसकारा संपला की पुन्हा थोडं. बिघडवणाऱ्या जंतूंनी माणसाला सहसा अपाय होत नाही, त्यामुळे चव आवडली तर प्या. न आवडलेली सिंकमध्ये ओता. रिकाम्या बाटल्या ओव्हनमध्ये जाईपर्यंत नव्या तोटीजवळ आणू नका.